शांत वस्ती, नदीलगत

घराच्या जाहिराती वाचायला हल्ली सराव लागतो. 'शांत परिसर' असं लिहिलं असेल तर बस तिथवर जात नाही हे समजून घ्यायचं. 'निसर्गरम्य' असेल तर शेजारच्या प्लॉटवर अजून कुणी बांधलेलं नाही. 'शहरापासून दहा मिनिटांवर' हे रात्री दोन वाजता, रस्ता मोकळा असताना मोजलेलं अंतर. अलीकडे बेळगावच्या फलकांवर नदीही दिसायला लागली आहे. निळं पाणी, काठाला बाक आणि बाकावर पेपर वाचत बसलेलं एक पांढऱ्या केसांचं जोडपं. चित्र परदेशातलं आहे हे वेगळं सांगायला लागत नाही, कारण बाकाखाली एकही कुत्रं झोपलेलं नसतं.

आमच्या भागात या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत असा माझा अनुभव आहे. मी टिळकवाडीत राहतो. तिथं शांतता आहे, नदी नाही. मूळ गाव निपाणी तालुक्यात, वेदगंगेच्या काठाला. तिथं नदी हवी तेवढी आहे, एखाद्या वर्षी हवी त्याहून जास्त आहे, पण शांततेचं नाव काढू नका. दोन्ही एका ठिकाणी मिळायला माझ्या भाच्याला थेट जर्मनी गाठावी लागली.

बेळगावला नदी नाही म्हटलं की कंग्राळी-कडोलीकडची मंडळी चिडतात. "मग मार्कंडेय काय ओढा हाय काय ओ?" असं विचारतात. ओढा नाही, नदीच आहे. पण ती शहराला वरच्या अंगानं वळसा घालून निघून जाते, आत यायचं नाव घेत नाही. राकसकोपला तिला अडवली आहे आणि शहरात ती येते ती नळातून, आपल्या वेळेला. बादली भरली की दर्शन संपलं. शहराचा शेजार सुटला की मात्र तिचा स्वभाव खुलतो. गोकाकच्या बाजूला गोडचिनमलकीला ती अशी काही उडी घेते की आपल्या बादलीत आलेली ती हीच का, असा प्रश्न पडावा. दक्षिणेच्या अंगाला बळ्ळारी नाला आहे. पण तो आठ महिने विसरायचा आणि चार महिने घाबरायचा विषय. येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारातलं भात त्याच्या पाण्याखाली गेलं की पेपरात त्याचा फोटो येतो. त्याच्या काठाला बाक ठेवावा असं आजवर कुणाच्या मनात आलेलं नाही.

नदी नसल्याची खंत जुनी असावी. १९२४ च्या डिसेंबरात इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांड्यांनी टिळकवाडीच्या माळावर तंबूंचं गाव उभं केलं आणि त्याला नाव दिलं विजयनगर. इतक्या माणसांना पाणी कुठलं, म्हणून विहीर खणली. तिचं नाव पंपा सरोवर. हंपीच्या वैभवातलं जे उचलून आणण्यासारखं होतं ते सगळं आणलं. तुंगभद्रा तेवढी आणता आली नाही. ती विहीर आजही आहे, काँग्रेस विहीर म्हणून पोरंसोरंही दाखवतात. एकूण बेळगाव हे आडाविहिरींचं गाव. नव्वदीच्या दशकात टंचाई झाली तेव्हा महापालिकेनं जुन्या विहिरी उपसून काढल्या आणि त्यांनीच गावाला तारलं. आमच्या आळीत अजून परसात आड असलेली घरं आहेत. गणपतीसुद्धा आम्ही तळ्यात पोचवतो. कपिलेश्वराचं तळं, जक्कीन होंड. आणि ती मिरवणूक दुसरा दिवस उजाडला तरी संपत नाही, तेव्हा बेळगाव शांत आहे हे म्हणणं त्या रात्रीपुरतं मागं घ्यायचं. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या रात्रीही तसंच.

बाकी दिवस टिळकवाडी शांत. पत्ता सांगताना आम्ही रस्त्याचं नाव सांगत नाही, रेल्वेचं गेट सांगतो. पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट. तिसऱ्यावर आता उड्डाणपूल झाला तरी पत्त्यातलं गेट हललेलं नाही. गेट पडलं की दोन्ही बाजूंना स्कूटरी थांबतात, इंजिनं बंद होतात आणि माणसं एकमेकांची चौकशी करतात. या गावातली निम्मी लग्नं गेट पडलेलं असताना जमली असतील. व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखालून सकाळी फिरायला जाणारे निवृत्त लोक इतके हळू बोलतात की आत अजून देवीची लस तयार होते आहे आणि तिला धक्का लागेल असं वाटावं. दुपारी एक ते चार कुणी कुणाची बेल वाजवत नाही. तसा नियम कुठं लिहिलेला नाही. वाजवलीच तर दार उघडणाऱ्याचा चेहरा बघून माणूस पुन्हा वाजवत नाही. चारला कडोलीची भाजीवाली येते. एका फाटकाशी मराठीत भाव सांगते, पुढच्या फाटकाशी कन्नडात. भाव दोन्हीकडे तोच आणि घासाघीसही तीच.

जुनं बेळगाव याहून शांत होतं असं काही लोक उसासा टाकून सांगतात. माझा त्यावर फारसा विश्वास नाही. राणी पार्वतीदेवी कॉलेजात पु. ल. देशपांडे शिकवत होते आणि त्यांचे रावसाहेब याच गावात वावरत होते. रावसाहेबांच्या तोंडून जे आणि ज्या पट्टीत बाहेर पडायचं ते वाचलं की त्या काळी निदान एका घराच्या आसपास तरी शांतता नव्हती एवढं नक्की.

खानापूरकर यावर म्हणतील, आमच्याकडे या की, मलप्रभा आहे, शांतताही आहे. आहेत. पण मृगापासून पुढं खानापुरात जो पाऊस कोसळतो त्यात समोरच्या खुर्चीतला माणूस काय बोलतोय ते दुसऱ्यांदा विचारावं लागतं.

तर भाचा. तो हायडेलबर्गला आहे, नॉयनहाइम नावाच्या भागात. नेकार नदी मधून वाहते. एका काठाला जुनं गाव, वर किल्ला आणि दुसऱ्या काठाला ही वस्ती. नदीलगत लांबलचक हिरवळ, तिच्यावर उन्हाला पहुडलेली माणसं आणि त्यांच्यामधून मालकी हक्कानं हिंडणारी हंस-बदकं. मी जाऊन बघून आलो. जाहिरातीतला बाक तिथं खरोखर आहे.

आपल्या लोकांना हे गाव अगदीच परकं नाही. १९०७ साली इक्बाल तिथं जर्मन शिकायला राहिले होते. नेकारच्या काठावरच्या संध्याकाळवर त्यांची एक छोटी कविता आहे, 'एक शाम'. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत शांततेवरच आहे. त्याची आठवण म्हणून हायडेलबर्गकरांनी पलीकडच्या काठावरच्या रस्त्याला इक्बालांचं नाव दिलं. त्या रस्त्यावर मोटारींची रीघ असते. कवींचे सत्कार सगळीकडे असेच होतात हे बघून मला बरं वाटलं. आणि आपल्या धनगरांच्या देवांवर आयुष्य वेचलेले गुंथर सोंथायमर तिथल्याच विद्यापीठात प्राध्यापक होते. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ चा. पट्टणकोडोलीची जत्रा आमच्या गावापासून लांब नाही. भंडारा असा उधळतात की दोन दिवस कानातून पिवळं निघतं, आणि ढोल असे की छातीचं हाड हलतं. ते सगळं ऐकून, टिपून घेऊन हा माणूस परत नेकारकाठी जाऊन बसायचा आणि लिहायचा. मला वाटतं त्याला दोन्हीची गरज असणार. नुसत्या ढोलात लिहून होत नाही, आणि नुसत्या शांततेत लिहायला काही सुचत नाही.

तिथली शांतता आपोआप आलेली नाही, ती पाळलेली आहे. रात्री दहाच्या पुढं आवाज नाही. रविवारी दिवसभर नाही. रविवारी गवत कापायचं यंत्र लावलं तर कायदा मोडतो. रिकाम्या काचेच्या बाटल्या टाकायला रस्त्यावर पेट्या असतात, पण रविवारी त्यात बाटली टाकायची नाही, कारण बाटली पडली की आवाज होतो. भाचा एका रविवारी बाटल्यांची पिशवी घेऊन निघाला, दारात वार आठवला, आणि पिशवी इतक्या अलगद खाली ठेवून परत आत आला की आत तान्हं मूल झोपलंय असं वाटावं.

आमची आक्का, म्हणजे त्याची आई, तिथं राहून आली. जाताना सामानातून लोखंडी खलबत्ता घेऊन गेली. विमानतळावर त्याचा काय खुलासा केला ते तिनं कधी सांगितलं नाही. तर असाच एक रविवार, दुपारची वेळ, आणि आक्कानं शेंगदाण्याची चटणी कुटायला घेतली. लसूण, तिखट, जिरं, मीठ आणि वर घाव. पाचव्या-सहाव्या घावाला दार वाजलं. खालच्या मजल्यावरची आजी दारात उभी. काहीतरी सौम्यपणे सांगू लागली. आक्काला जर्मन येत नाही, पण जेवणाच्या वेळेला दारात आलेली बाई कशासाठी आली असणार हे समजायला भाषा कशाला लागते? तिनं हात वर करून थांबायची खूण केली, आत गेली आणि वाटीभर चटणी, वर तेलाची धार सोडून, आजीच्या हातात ठेवली. आजी दोन क्षण वाटीकडे बघत राहिली आणि आभार मानून खाली गेली. आक्कानं उरलेली चटणी कुटून पुरी केली. ती परत आली त्याला बराच काळ झाला, पण अजून भाच्याचा फोन आला की शेवटी विचारतेच, "वाटी दिली का रे तिनं?"

नदीसुद्धा तिथं शिस्तीत आहे. प्लोखिंगनपासून मानहाइमपर्यंत नेकारवर जहाजांसाठी २७ दारांचे टप्पे आहेत. एकेक पायरी उतरत ती खाली येते. पण कितीही झालं तरी पाणीच. जुन्या पुलाच्या कमानीपाशी दगडात पुराच्या खुणा कोरून ठेवल्या आहेत, खाली साल. त्यातली १७८४ ची सगळ्यांत वर, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. त्या वर्षी बर्फाचे तुकडे घेऊन पूर आला आणि आधीचा पूल घेऊन गेला. त्या खुणेपाशी मी बराच वेळ उभा राहिलो. त्या गावातली मला बिनतर्जुम्याची कळलेली गोष्ट तीच. आमच्या गावच्या घरात मधल्या भिंतीवर थोरल्या आप्पांनी गेरूनं २००५ ची रेघ ओढून ठेवली आहे, तिच्या वर २०१९ ची. २०२१ ला त्यांनी ओढायचा कंटाळा केला.

वेदगंगेकाठच्या आवाजाची कल्पना टिळकवाडीतून येत नाही. पहाटे देवळाचा कर्णा. मग दगडावर धुणं. मग म्हशी, आणि म्हशींपेक्षा त्यांना हाकणारे. दिवस वर आला की पंपांच्या मोटारी सुरू. गाळप सुरू झालं की उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, आणि ड्रायव्हरला गाण्याशिवाय ब्रेक सापडत नाही. आणि या सगळ्यांच्या खाली, तंबोऱ्यासारखा अखंड लागलेला, हायवे. पुणे-बेंगळुरू रस्ता यमगर्णीजवळ वेदगंगा ओलांडतो. त्याचा आवाज आमच्या गावात रात्रंदिवस येतो. पाहुणा पहिल्या रात्री झोपत नाही. आप्पांना विचारलं तर म्हणतात, "कसला आवाज?"

पावसाळ्यात काठावरची माणसं वेगळंच बोलायला लागतात. वेदगंगेवर वर पाटगावचं धरण, दूधगंगेवर काळम्मावाडीचं, दोन्ही महाराष्ट्रात. पुढं भोजजवळ दोघी एक होतात आणि कृष्णेला जाऊन मिळतात. कृष्णेवर खाली आलमट्टी, ते कर्नाटकाचं. आम्ही मधे. वरच्यांनी सोडू नये आणि खालच्यांनी अडवू नये, एवढीच आमची सीमाभागाची मागणी, पण ती कुठल्याच जाहीरनाम्यात येत नाही. दहावीला गणितात अडकलेली माणसं श्रावणात क्युसेकमध्ये बोलतात. "मुरगूडला किती हाय?" असा फोन आला तर भाव विचारतोय असं समजू नये. जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, कुन्नूर-भोजवाडी असे बंधारे एकामागून एक पाण्याखाली गेल्याच्या बातम्या येतात आणि पाच मिनिटांवरचं सासर वीस किलोमीटरवर जातं.

आप्पा जेवण झालं की बॅटरी घेऊन काठाला जातात. पाण्याच्या कडेला एक तुराटी रोवतात. परत येतात, पान जमवतात, खातात, आणि पुन्हा जातात. तुराटी पाण्यात गेलेली असेल तर किती आत गेली ते बोटानं बघतात. "दोन बोटं चढलंय." ही बातमी घरात सगळ्यांना समजते, अगदी झोपलेल्यांनाही. चार बोटं झाली की गावच्या कर्ण्यावरून पुकारा होतो, काठावरच्या मोटारी वर काढा. मग अंधारात, चिखलात, दोर बांधून, पाच-सहा जण एकेक मोटार ओढून वर घेतात. त्यात आवाज एवढा होतो, आणि शिव्या इतक्या मनापासून दिल्या जातात, की खालच्या मजल्यावरची ती आजी इथं असती तर तिनं वाटी परत आणून दिली असती आणि गाव सोडलं असतं.

२०१९ च्या नागपंचमीला मी गावी गेलो आणि अडकलो. पाणी चढत होतं, पण घरात कुणाचा आवाज चढलेला नव्हता. तुराटी मागं मागं येत होती, मोटारी केव्हाच वर निघाल्या होत्या. रात्री मला गाढ झोप लागली. गावात मला अशी झोप कधी लागत नाही. मध्यरात्र उलटून गेल्यावर आप्पांनी हलवून उठवलं. ते अंथरुणात उठून बसले होते, कान देऊन.

"हायवे गप झालाय," म्हणाले. "जनावरं सोडा."

यमगर्णीला रस्त्यावर पाणी आलं होतं. वाहतूक बंद पडली होती, पुढं कित्येक दिवस बंद राहिली. दोन्ही बाजूंना ट्रकांच्या रांगा, आणि एरवी ज्याला कुणी आवाज म्हणत नव्हतं तो थांबला. त्या शांततेनं सगळं गाव जागं झालं. एकेका घरात दिवा लागला. आम्ही म्हशी सोडून माळाच्या रस्त्याला लावल्या. नेकारकाठी शांतता म्हणजे सगळं ठीक आहे, टिळकवाडीत शांतता म्हणजे माणसं जेवून झोपली आहेत. आमच्या काठाला ती तिसरंच काही सांगते, आणि ते आप्पांना झोपेतही ऐकू येतं.

हायवे गप होण्याची आप्पांच्या आयुष्यातली ती पहिली वेळ नव्हती. १९८१ साली शरद जोशींच्या मागं तंबाखूचे शेतकरी निपाणीजवळ याच रस्त्यावर येऊन बसले होते, दिवसचे दिवस. शेवटी गोळीबार झाला, माणसं गेली. त्या दिवसांबद्दल आप्पा जास्त बोलत नाहीत. तेव्हाही रात्री असंच गप वाटायचं, एवढंच एकदा म्हणाले.

पूर ओसरल्यावर मी त्यांना बेळगावला घेऊन आलो. चार दिवस राहा, गाळ निघू दे, म्हटलं. टिळकवाडीच्या शांततेत ते पहिल्या रात्री दर तासाला उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. गोव्याची गाडी गेली तेव्हा कुठं त्यांचा डोळा लागला. पुढं ते रात्री गाडीची वाट बघायचे आणि ती गेली की घोरायला लागायचे.

तिथंच एका संध्याकाळी भाच्याचा फोन आला. त्यानं फोन फिरवून नेकार दाखवली. पाणी, हिरवळ, बाक, हंस. आप्पांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. बाक त्यांना आवडला नाही, फार खाली ठेवलाय म्हणाले.

"वरल्या अंगाला धरण कुणाचं?" त्यांनी विचारलं.

भाचा म्हणाला, मोठं धरण असं नाही, दारं आहेत. पण येताना नदी मधेच दुसऱ्या राज्यातून येते. हेसेन म्हणून आहे. हिर्शहॉर्न, नेकारश्टाइनाख, अशी थोडीच गावं त्यांची, मग परत आमच्या राज्यात.

आप्पा सावरून बसले. इतका वेळ त्यांना ते गाव परकं वाटत होतं.

"मंजे सीमाभागच की."

"तसंच म्हणायचं."

"मग पाण्यावरनं भांडणं किती?"

"काही नाही आप्पा. पाणी किती आहे ते दोघंही बघतात आणि एकमेकांना कळवतात."

आप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आन् पेपरात काय छापत्यात मग?"